अस्सल मरूनचा हट्ट

रेल्वेची मॉडेलं करणाऱ्या मंडळींत एक मत इतकं घट्ट बसलं आहे, की त्यावर शंका घेणारा आळशी तरी ठरतो नाहीतर रंगांधळा तरी. मत असं: डबा नव्याने रंगवायचा तर मूळ डब्याच्या रंगाचा नेमका क्रमांक शोधावा, तो मानकाच्या शेडकार्डावर पडताळावा, वशिला असेल तर वर्कशॉपमध्ये फवारतात तोच रंग बाटलीभर मिळवावा आणि तोच लावावा. रंग अस्सल म्हणून मॉडेल अस्सल. बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

हा पूर्वपक्ष पोरकट नाही, म्हणून आधी त्याची बाजू नीट मांडतो. रंग लक्षात ठेवण्याच्या बाबतीत माणसाचा डोळा फार कच्चा आहे. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन छटांमधला बारीक फरक तो पटकन पकडतो, पण त्यांतली एक छटा पाच मिनिटं नजरेआड करा, की त्याचा भरवसा संपला. लहानपणी दादरच्या फलाटावर पाहिलेला मरून डबा आठवणीत वर्षागणिक उजळत जातो. अशा आठवणीवर विसंबून डबी निवडण्यापेक्षा क्रमांक बरा, कारण त्याला शिस्त असते. शिवाय पुण्यातल्या माणसाने केलेला डबा चेन्नईतल्या माणसाच्या रेकला जोडायचा तर दोघांना काहीतरी समाईक लागतं, आणि ती सोय क्रमांक करतो. भारतीय मानकांत रंगांसाठी आयएस ५ आहे, जर्मनीत आरएएल आहे. डोळा व्यक्तिनिष्ठ, क्रमांक वस्तुनिष्ठ, असा हा युक्तिवाद. इथवर मान्य.

पण या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीतक लपलेलं आहे: मूळ डब्याला एकच एक रंग होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून २०१८ पर्यंत ज्या घडणीचे डबे बनले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मेल-एक्सप्रेसला लागणारा असा डबा साधारण दीड वर्षाने पीओएचसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी, वर्कशॉपमध्ये जातो आणि तिथे त्याला नवा रंग मिळतो. रेकमधले सगळे डबे एकाच दिवशी वर्कशॉपला जात नाहीत. त्यामुळे मरूनच्या जमान्यातली कुठलीही गाडी फलाटावर उभी राहिली, की इंजिनामागचा तिसरा डबा कालच रंगवल्यासारखा, पाचवा उन्हाने विटकरी पडलेला, आठव्याच्या खालच्या पट्ट्यावर बिडाच्या ब्रेक-ब्लॉकची तांबूस धूळ चढलेली, असा प्रकार. शेडकार्डावरचा क्रमांक त्या तिसऱ्या डब्याला लागू होता, तोही वर्कशॉपच्या फाटकातून बाहेर पडल्यानंतरचे काही आठवडे. बाकीच्या डब्यांना कुठला क्रमांक लावणार?

इथे क्रमांकाचा हट्ट धरणारे, म्हणजे कोडवाले, म्हणतात, मग जुने पुरावे पाहा. पाहू या. मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची गाडी घेऊ. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने डेक्कन क्वीन सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन रेक होते. अंडरफ्रेम इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, वरची बांधणी माटुंग्याच्या वर्कशॉपमधली. एक रेक रुपेरी, त्यावर किरमिजी लाल पट्ट्या, आणि दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा, असं नोंदीत आहे. छान. पण कुठला रॉयल ब्लू? नोंदीत शब्द आहे, छटा नाही. छायाचित्रांकडे वळावं तर ती कृष्णधवल, आणि त्या काळी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळ्याला मात्र ती फार हळवी. म्हणजे अशा प्लेटवर लाल पट्टी काळी उतरते, गडद निळा फिकट राखाडी होतो, आणि निळ्यावरची सोनेरी रेघ वास्तवाइतकी उठून दिसत नाही. असं छायाचित्र पाहून ‘निळा बराच फिका असावा’ असा निष्कर्ष काढणारा माणूस गाडीचा नव्हे, प्लेटचा अभ्यास करत असतो.

रंगीत छायाचित्रांनी प्रश्न सुटतो असंही नाही. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट अल्बममध्ये बंद राहूनही बदलले. त्यांतला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विरतो आणि सगळं चित्र लालसर होतं. लोणावळ्याला काढलेल्या अशा फोटोत आत्याची पांढरी साडी गुलाबी दिसते हे आपल्या लक्षात येतं, पण मागच्या डब्याचा मरून मात्र आपण ‘काय तेव्हाचा लाल होता!’ म्हणत खरा धरून चालतो. जुन्या डब्याचा रंग खरवडून खालचे थर पाहावेत, तर जवसाच्या तेलातला रंग अंधारात झाकला गेला की पिवळट पडतो. संग्रहालयातला जतन केलेला डबा तर कितीदा नव्याने रंगवलेला असतो, त्याची गणतीच नको. पुरावे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. ते एक पट्टा दाखवतात, त्या पट्ट्यातला बिंदू दाखवत नाहीत.

आता वादापुरतं धरू, की बिंदूही सापडला, आणि खुद्द वर्कशॉपमधला रंग हाती आला. तो मॉडेलवर लावला तर काय होतं? डेक्कन क्वीनच्या त्या रुपेरी रेकचंच घ्या. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे सपाट कण असतात. २० मायक्रॉनचा कण खऱ्या डब्यावर दिसणारही नाही, पण १:८७ च्या मॉडेलवर तोच कण पावणेदोन मिलिमीटरच्या चकतीइतका होतो, आणि डबा लग्नाच्या मांडवातल्या झिरमिळ्यांसारखा चमचमतो. जाडीचंही तेच. रंगाचे दोन-तीन हात मिळून १०० मायक्रॉन झाले, तर मॉडेलच्या मापात तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा गिलावा. जाळीच्या झडपा, दाराच्या कडा, पायऱ्यांच्या फटी सगळं बुजतं. रंग अस्सल खराच, पण ज्यावर बसला तो डबा उरला नाही.

तरी हे किरकोळ. खरी गोम उजेडात आहे. दुपारच्या उन्हात डब्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश पडतो, आणि घरातल्या खोलीत दोन-तीनशे. उजेड कमी झाला की तोच रंग डोळ्याला मंद आणि कमी रसरशीत दिसतो. रंगशास्त्रात याला हंट परिणाम म्हणतात, कारण हंट यांनी तो १९५२ साली मोजून दाखवला. त्यात खरा डबा आपण फलाटावरून, समोरून पाहतो, त्याच्यावर अर्ध्या आभाळाचा उजेड असतो. मॉडेल मात्र वरून पाहतो, छताच्या दिव्याखाली, आणि त्या दिव्याचा उजेड डब्याच्या उभ्या कुशीवर तिरपा, खरचटत गेल्यासारखा पडतो. टपाला पुरेसा उजेड, कुशीला सावली. मूळ रंगात रंगवलेला डबा टेबलावर काळवंडलेला का दिसतो, याचं उत्तर इथे आहे.

ही काळवंड लक्षात आलेला एक दुसरा पंथ आहे. तो कोडवाल्यांचा विरोधक, आणि म्हणून बरेच लोक त्याला आपोआप शहाणा समजतात. त्याचं म्हणणं असं: १:८७ चं मॉडेल एका मीटरवरून पाहणं म्हणजे खरा डबा ८७ मीटरवरून पाहणं. मधल्या हवेने रंग फिका होतो, म्हणून डबीत दहा-पंधरा टक्के पांढरा घाला, सगळ्या रंगांत सारखाच. ‘स्केल इफेक्ट’ या भारदस्त नावाने हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

याचा हिशेब मांडता येतो, आणि मांडल्यावर मौज वाटते. हवेमुळे दूरच्या वस्तूवर किती धूसरपणा चढतो याचं सूत्र कोश्मीडर यांनी १९२४ साली दिलं. दृश्यमानता २० किलोमीटर असलेल्या स्वच्छ दिवशी ८७ मीटर हवा क्षितिजाच्या उजेडाचा १.७ टक्के भाग मिसळते. १० किलोमीटर असेल तर ३.३ टक्के. पंधरा टक्क्यांवर जायला दृश्यमानता २ किलोमीटरवर यावी लागते, म्हणजे घाटातलं धुकं हवं. पंधरा टक्केवाल्यांचे सगळे डबे वर्षभर खंडाळ्याच्या श्रावणात उभे असतात तर!

बरं, तो १.७ टक्काही सगळ्या रंगांना सारखा लागत नाही. गडद मरून पडलेल्या उजेडापैकी समजा ६ टक्के परत पाठवतो. क्षितिजाचा उजेड पांढऱ्या कागदाइतका धरला, तर हवेनंतर ते साडेसातच्या वर जातं, आणि हा फरक डोळ्याला जाणवतो. क्रीम रंग ७० टक्के परत पाठवतो. तो ७० चा साडेसत्तर होतो, म्हणजे होतच नाही. डेक्कन क्वीनच्या नंतरच्या रंगसंगतीत गडद निळा, क्रीम आणि दोहोंमध्ये लाल रेघ होती. तिघांत सारखाच पांढरा ओतणाऱ्याने क्रीमला उगीच पातळ केलं आणि निळ्याला हवं त्याहून भलतंच काही दिलं. ज्या विरोधामुळे ती गाडी लांबूनही ओळखू यायची, तोच त्याने घालवला.

आणि डबीतला पांढरा म्हणजे हवा नव्हे. हवा प्रकाशाची भर घालते, तीही थोडी निळसर, सगळ्या लहरींना जवळपास सारखी. डबीतला टायटॅनियम डायऑक्साइड रंगद्रव्यात मिसळून प्रकाश विखुरतो, आणि कुबेल्का-मुंक यांनी १९३१ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे त्याचा जोर टक्केवारीच्या कितीतरी पट असतो. मरूनमध्ये तो लाल भागाला सगळ्यांत जास्त वर उचलतो. म्हणून हवेतून पाहिलेला मरून राखाडीकडे सरकतो, तर पांढरा घातलेला मरून गुलाबीकडे. मुळात दुखणं उजेड कमी असल्याचं, म्हणजे रसरशीतपणा कमी झाल्याचं. त्यावर पांढरा हा उपाय म्हणजे आधीच फिक्या पडलेल्या रंगाचा उरलासुरला रस काढून घेणं. कोडवाल्यांची चूक या पंथाला बरोबर दिसली, पण कारण चुकलं आणि औषधही चुकलं.

दोन्ही पंथ ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत ते म्हणजे वॉर्निश. चकचकीत वॉर्निशच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला निघून जातो. ती दिशा टाळून पाहिलं की आतला रंग खोल, भरीव दिसतो. मॅट वॉर्निश तेच ४ टक्के सगळीकडे पसरवतं आणि ते प्रत्येक बाजूने डोळ्यात येतात. सहा टक्क्यांचा मरून एका फवाऱ्यात दहा टक्क्यांवर गेला. म्हणजे ८७ मीटर स्वच्छ हवेने जे केलं असतं त्याच्या दुपटीहून जास्त काम एका मॅट वॉर्निशने केलं, तेही कुणी न सांगता. रंगाच्या क्रमांकावरून तासन्‌तास वाद घालणारी माणसं शेवटी हाताशी असेल ते वॉर्निश मारतात, तेव्हा मला हसू आवरत नाही.

दिव्याबद्दलही तेच. हल्ली मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर एलईडीच्या पट्ट्या लावायची पद्धत आहे. खोक्यावर ‘सीआरआय ८०’ लिहिलेलं असतं आणि आपण समाधान मानतो. पण तो आकडा आठ सौम्य रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लालसाठी आर९ हा वेगळा नमुना आहे, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. स्वस्त पट्टीचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. तिच्या उजेडात मरून डबा चॉकलेटी दिसणार, मग रंग कुठल्याही कारखान्यातून आणा. अशा वेळी डबी बदलण्याऐवजी पट्टी बदलावी. सीआरआय ९० च्या वरची, आर९ चा आकडा छापलेली घ्यावी, आणि एक पट्टी डब्याच्या कुशीवर समोरून उजेड पडेल अशी खालच्या अंगाला बसवावी. मॉडेलचा रंग सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पुन्हा रंगवण्याच्या कामात हा दिवा आणखी एक खोडी काढतो. रेकमधले चार डबे कंपनीतून रंगून आलेले आणि पाचवा आपण रंगवतो आहोत, ही नेहमीची परिस्थिती. खिडकीतल्या उजेडात दोन्ही मरून तंतोतंत जुळले, आणि रात्री दिवा लावला तर आपला डबा जांभळट. कारण कंपनीने वेगळी रंगद्रव्यं वापरली, आपण वेगळी. एका उजेडात दोन्ही सारखाच ठसा उमटवतात, दुसऱ्यात नाही. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि क्रमांकवाद्यांना हा सगळ्यांत मोठा धक्का आहे. क्रमांक सांगतो की अमुक प्रमाणित दिवसउजेडात रंग कसा दिसावा. तुमच्या खोलीतल्या दिव्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

तर मग मंडन. माझं म्हणणं एवढंच: पुन्हा रंगवलेला डबा जुळवायचा तो रेकमधल्या शेजारच्या डब्याशी, ज्या दिव्याखाली तो धावणार त्या दिव्याखाली, वॉर्निशसकट. मूळ डब्याचा क्रमांक ही सुरुवात करायची जागा, निवाडा करायची नव्हे.

कृतीत हे असं उतरतं. वॉर्निश आणि दिवा आधी ठरवून टाकायचे. मग पातळ स्टायरीनच्या चार-पाच पट्ट्या घेऊन डब्याला देणार तेच प्रायमर त्यांना द्यायचं. हे महत्त्वाचं, कारण लाल आणि पिवळे रंग खालचं फारसं झाकत नाहीत. राखाडी प्रायमरवरचा मरून आणि रेड ऑक्साइडवरचा मरून हे दोन वेगळे मरून असतात. प्रत्येक पट्टीवर थोडं वेगळं मिश्रण, डब्याला देणार तितकेच हात, वर ठरलेलं वॉर्निश. पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओल्या रंगावरून केलेला निवाडा वाळल्यावर फिरतो. मग शेजारच्या डब्याच्या कुशीला पट्टी उभी टेकवायची, कडेला कड लावून. आडवी धरली तर तिच्यावर उजेड जास्त पडतो आणि ती खोटी उजळ दिसते. मध्यम राखाडी पुठ्ठ्याला नखाएवढं भोक पाडून त्यातून फक्त ती सांध्याची जागा पाहायची, अर्धं भोक डबा, अर्धं पट्टी. खिडक्या, अक्षरं, छताची कड हे सगळं झाकलं गेलं, की जो फरक डोळा इतका वेळ सांभाळून घेत होता तो उघडा पडतो. सांधा दिसेनासा होईल ती पट्टी आपली. मग तीच जोडी खिडकीशी नेऊन पाहायची. दोन्ही उजेडांत सांधा दिसला नाही तर नशीब, आणि एकातच जुळत असेल तर लेआउटच्या दिव्याचं ऐकायचं. मिश्रणात डब्या जितक्या कमी तितकं बरं. आणि क्रीम गडद करायला काळ्याचा थेंब टाकणाऱ्याने हात आखडावा. काळ्याने पिवळ्या छटा हिरवट होतात, तिथे तपकिरी चालतो.

‘मग काहीही चालतं म्हणा की!’ हा आक्षेप येणारच. उलट आहे. क्रमांकाशी जुळवणाऱ्याचं काम डबी आणली की संपतं. शेजाऱ्याशी जुळवणाऱ्याला चार पट्ट्या रंगवाव्या लागतात. माझ्या पद्धतीत चूक लपत नाही, कारण पुरावा शेजारच्या रुळावर उभा असतो. शिवाय मापातल्या काटेकोरपणाचा अभिमान सांगणाऱ्यांना एक आठवण. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. आपल्यापैकी बहुतेकांचे डबे धावतात १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर, जे युरोपातल्या स्टँडर्ड गेजसाठी आहेत. जवळजवळ तीन मिलिमीटरची तफावत आपण सुखाने पचवतो, कारण रूळ मिळतात तेच आणि नजरेला ते खपतं. नजर हा निकष रुळांना चालतो, तर रंगाच्या बाबतीत तिने काय घोडं मारलं?

जिथे कोडवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ती जागाही सांगितली पाहिजे. पूर्ण मापाचा जुना डबा जतन करायचा असेल, तर तिथे दिवा सूर्याचा, अंतर खरं आणि कणांचं मापही खरं. तिथे क्रमांक हवा, रंगद्रव्याची नोंद हवी, थरांची तपासणी हवी. ती शिस्त माटुंग्यात शोभते. टेबलावर आणली की नाकापेक्षा मोती जड होतो.

राहता राहिला तो डबा, जो काही केल्या जुळत नाही. इथे मी कोडवाल्यांहून कडक आहे. जवळजवळ जुळलेला डबा रेकमध्ये कधीच घालू नये. पाव छटेचा फरक चूक म्हणून दिसतो, तीन छटांचा फरक रेल्वे म्हणून दिसतो. जुळत नसेल तर तो सरळ वर्कशॉपमधून ताजा आल्यासारखा रंगवावा: मरून भरीव, वॉर्निश थोडं चमकदार, बोगींवर धूळ नाही, छतावर काजळी नाही. खऱ्या रेकमध्ये असा एखादा डबा असतोच. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर पीओएचची तारीख आणि वर्कशॉपचं नाव स्टेन्सिलने लिहिलेलं असतं. ते बारीक डेकल बसवलं की फरकाला कारण मिळालं. तारीख मात्र रेकमधल्या बाकीच्या डब्यांवरच्या तारखांनंतरची हवी. प्रदर्शनात भिंग घेऊन ती वाचणारा एकतरी गृहस्थ येतो, आणि बहुधा तो कोडवाला असतो.